पाय तीनच, पण 'पाय' तीन नव्हे! (एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर)

दादा (नाव लिहिलं नाहीये तुम्ही म्हणून दादा म्हणतोय, ताई असाल तर सांगा, बदलतो),

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, मग चहा घेऊन परत वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून सवडीने लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आठवी ते दहावीला तंत्रज्ञान हा विषय हवा, पोरांनी स्वतः डिझाइन करून वस्तू बनवावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर दादा म्हणतात की ही गावच्या पोरांना वेल्डर-गवंडी करून ठेवायची गोड भाषेतली सोय आहे, यातून जात आणखी पक्की होते, शहरातली पोरं क्लास लावून आयआयटीत जाणार आणि यांनी कानस घासत बसायचं. वर, थ्रीडी प्रिंटरच्या जमान्यात वेल्डिंग कशाला? आणि शेवटचा टोला, तुमची स्वतःची मुलगी कुठल्या शाळेत आहे हो?

टोल्यापासूनच सुरू करतो. मुलगी शहरात इंग्लिश मीडियमला, सातवीत. शाळेत वर्कशॉप नाही. रोबोटिक्सचा तास आहे, त्यात किटमधले तुकडे पुस्तिकेत दाखवलेत तसे जोडायचे, गाडी पळाली की टाळ्या. म्हणजे तुमचा बाण लागलाय, वाद घालत नाही.

जातीचा जो मुद्दा काढलात तो तर अजिबात हलका नाहीये. 1953 मध्ये मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी यांनी तिथे योजना आणली, मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकायचा. लोक भडकले, बरोबरच भडकले, कारण त्याचा सरळ अर्थ न्हाव्याचा पोरगा न्हावीच, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. म्हणून 'हाताचं काम' म्हटलं की आपल्याकडे कान टवकारले जातात ते चुकीचं नाहीच.

पण मी ज्याबद्दल लिहिलं ते नेमकं उलटं आहे हो! पाबळ माहितीये ना, शिरूर तालुक्यातलं? डॉ. श्रीनाथ कलबाग, अमेरिकेतून पीएचडी केलेला माणूस, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून 1983 ला तिथल्या दुष्काळी माळावर विज्ञान आश्रम काढून बसला. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला, आठवड्यातला एक दिवस, आणि त्यात चार विभाग, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. ग्यानबाची मेख ही, की चारही विभाग सगळ्यांना. बापाचा धंदा कुणी विचारतच नाही. मी महिन्यातून दोन शनिवार ज्या शाळेत जातो तिथे सुताराचा पोरगा चिक्कीच्या पाकाशी झटत असतो आणि जिच्या घरात सात पिढ्यांत कुणी हातोडा धरला नाही अशी पोरगी वेल्डिंगचे टाके मारत असते. यातून जात पक्की होते म्हणता?

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुम्ही हा विषय म्हणजे आयटीआयची धाकटी आवृत्ती समजताय, तिथे गडबड आहे.

मागच्या वर्षी आमच्या चार पोरांना गावातल्या अंगणवाडीची ऑर्डर मिळाली, पाण्याच्या पिंपाला लोखंडी स्टँड. ऑर्डर म्हणजे खरी, पैसे देऊन. पोरांनी आधी चार पायांचं चित्र काढलं. मी काहीच बोललो नाही, फक्त म्हटलं अंगणवाडीत जाऊन फरशी बघून या. फरशी वर-खाली. चार पायांचं काहीही ठेवा, एक पाय हवेत, खाली पुठ्ठ्याची घडी सारायची, आपण सगळ्यांनी हे हॉटेलच्या टेबलाखाली केलेलं आहे. मग त्यातलीच एक पोरगी म्हणाली, सर आमच्या आजीची तिवई कधीच हलत नाही. झालं! एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं हे वाक्य मी कॉलेजात पाठ केलं होतं, तिला ते आजीच्या तिवईत सापडलं.

पुढे वरची रिंग. पिंपाचा व्यास 40 सेंमी. पाय (गणितातला π) म्हणजे साधारण तीन, म्हणून पोरांनी 120 सेंमी पट्टी कापली, वाकवली, वेल्ड केली, घासून गुळगुळीतसुद्धा केली, आणि पिंप काही रिंगेत शिरेना. साडेपाच सेंटिमीटर कमी! परीक्षेत 3.14 लिहिणारी हुशार पोरं बरं का ही, गणितात पैकीच्या पैकी घेणारी. एक जण म्हणतो कसा, "सर, खालचे पाय तीन बरोबर होते, वरचा पाय तीन नव्हता." इतकं हसलो सगळे की विचारू नका. मग नवी पट्टी, आणि हॅक्सॉ ब्लेड कापताना थोडं खातं तेही यावेळी धरलं.

त्याच्यापुढचा हिशोब तर कुठल्याच पुस्तकात नसतो. लोखंड दुकानात किलोवर मिळतं आणि आपल्याला लागतं फुटावर. पंचवीस बाय पंचवीस बाय तीन मिमीचा अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) मीटरला साधारण 1.1 किलो भरतो, यावरून वजन काढा, दर विचारा, वाया गेलेली 120 सेंमीची पट्टी कुणाच्या खिशातून जाणार यावर भांडा (अर्धा तास भांडले, शेवटी मजुरीतून वजा), आणि मग अंगणवाडीच्या ताईंना कोटेशन द्या. मोजणं, चित्र, चूक, पैसे, गिऱ्हाइकासमोर उभं राहून बोलणं, सगळं एका स्टँडमध्ये. यातला एकही वेल्डर नाही झाला तरी माझं काही बिघडत नाही, आणि झाला तर कोटेशन देता येणारा वेल्डर होईल.

थ्रीडी प्रिंटरचं म्हणाल तर माझं काहीच भांडण नाही. फॅब लॅबसुद्धा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा) पाबळला 2002 लाच आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगात जवळपास सगळ्यांच्या आधी, तेव्हा वेल्डिंग जुनं आणि प्रिंटर नवा ही भिंत तिथे कधी नव्हतीच. प्रिंटरवर बरोबर दहा मिमीचं भोक काढून बघा, दहाची सळई आत जाते का. नाही जात. थोडी जागा सोडावी लागते आणि किती ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे परत रिंगच! शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबला (पोरांनी वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) सरकार वीस लाखांपर्यंत अनुदान देतं, चांगलंच आहे, पण एका शाळेत मी तो प्रिंटर कव्हरखाली बघितलाय, पाहुणे आले की काढतो म्हणाले. आपला 'कार्यानुभव' आठवतो ना? कोठारी आयोगाने किती मनापासून सुचवलं होतं, आणि आपल्या हाती काय आलं, तर आईने रात्री अकराला चिकटवलेलं थर्माकोलचं घर.

तेव्हा दादा, तुमचं निम्मं मान्य ते असं, की हे फक्त गावातल्या शाळेत राहिलं तर तुमची भीती खरी ठरेल. पण त्यावर इलाज म्हणून गावातलं बंद करू नका ना, शहरात चालू करा. मुलीच्या शाळेच्या पालकसभेत मी हे बोललो, तर एका बाबांनी विचारलं, याचे मार्क धरतात का? नाही म्हटल्यावर विषय संपला. पुढच्या सभेत परत काढणार आहे.

आणि तुम्हाला आमंत्रण. येत्या शनिवारी आठवीची नवी बॅच आहे, ती चुकलेली रिंग अजून खिळ्याला टांगलेली आहे आणि पहिल्या दिवशी मी तीच मोजायला देतो. सकाळी नऊला या. फक्त बूट घालून या, वर्कशॉपात चप्पल चालत नाही.