विनाअग्नी, विनासुरी

गेल्या शनिवारी सकाळी माझ्या मुलीच्या शाळेच्या फाटकावर माझी भाजी चिरायची सुरी जप्त झाली आणि हा मजकूर लिहीत असताना, म्हणजे गुरुवारी रात्रीपर्यंत, ती परत मिळालेली नाही. सुरी साधीच आहे. लाकडी मुठीची, इथे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात घेतलेली. परंतु गेली ११ वर्षे ती माझ्या हाताला सवयीची झालेली असल्यामुळे तिच्यावाचून मी सध्या विळीवर कांदा चिरतो आहे आणि त्याचा परिणाम माझ्या डाव्या अंगठ्यावर कोणालाही पाहता येईल.

घडले ते असे. नववीच्या वर्गाला 'संतुलित आहार आणि पाककला' या विषयावर एखाद्या पालकाने तासभर प्रात्यक्षिक द्यावे, असा निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला आणि माझ्या पत्नीने मला न विचारता माझे नाव कळवून टाकले. आमच्या घरचा स्वयंपाक मी करतो, हे खरे आहे. मी नोकरी मात्र एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात करतो, त्यामुळे मुलांना साखर कमी खा म्हणून सांगताना माझी जीभ जरा अडखळणारच होती. पण दिवसभराच्या ऊर्जेत वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे मी कारखान्याच्या वार्षिक सभेत मांडण्यापेक्षा शाळेत मांडणे एकंदरीत सुरक्षित होते. निरोपाच्या शेवटी एक अट होती : 'पाककृती विनाअग्नी असावी.' म्हणून मी मोड आलेली मटकी निवडली. काकडी, कांदा, टोमॅटो, शेंगदाण्याचे कूट आणि वर लिंबू, असा बेत केला. मोड आल्याने मटकीतले क जीवनसत्त्व वाढते आणि लिंबामुळे तिच्यातले लोह अंगी लागते, अशी दोन वाक्येही आरशासमोर पाठ केली.

फाटकावर क्रीडाशिक्षक उभे होते. ते शाळेच्या सुरक्षा समितीचेही प्रमुख आहेत, हे मला तेव्हा कळले. तरुणपणी ते तालमीत होते आणि त्यांचे दोन्ही मोडलेले कान ही गोष्ट ते तोंड उघडण्याआधीच सांगून टाकतात.

"पिशवीत काय आणलंयसा?"

"मटकी, काकड्या, कांदे."

"आन् ह्ये?"

"सुरी."

पंचनाम्यातली वस्तू धरावी तशी त्यांनी ती दोन बोटांत धरली. "धारदार वस्तू आवारात न्यायची न्हाई."

ही वस्तू म्हणजे हत्यार नव्हे, ते पाककलेचे उपकरण आहे, असे मी नम्रपणे म्हणालो. त्यावर त्यांनी तितक्याच नम्रपणे विचारले, "उपकरण? मग शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद हाय का ह्येची?"

नोंद नव्हती. त्यानंतर पिशवी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर रिकामी करण्यात आली आणि एकेका वस्तूची सुनावणी झाली. किसणीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ती सुरीशेजारी ठेवली. सोलाण्याची धार त्यांनी आधी डोळ्यांनी आणि मग नखाने तपासली; तेही तिकडेच गेले. मग माझा शेंगदाणे कुटायचा लोखंडी बत्ता निघाला. तो त्यांनी उजव्या हातात घेतला, तोलला, डाव्या हातात घेतला, पुन्हा तोलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच प्रसन्नता आली. "ह्यो चालंल," ते म्हणाले. त्या बत्त्याने एखाद्याचे डोके सहज फुटले असते, परंतु नियमात 'धारदार' हा शब्द होता आणि 'जड' हा शब्द नव्हता.

तेवढ्यात आमच्या शेजारून मुलांची रांग आत चालली होती आणि त्यातल्या प्रत्येकाच्या दप्तरात एकेक कंपासपेटी होती. तिच्यातल्या कर्कटकाचे टोक माझ्या सुरीपेक्षा जास्त भोसकणारे असते, हे मी निदर्शनास आणून दिले.

"ते भूमितीचं हाय," सर म्हणाले.

"सर, मग काकडी चिरायची कशाने?"

त्यांनी हा प्रश्न मनापासून विचारात घेतला, हे मला मान्य केले पाहिजे. ते क्षणभर आभाळाकडे पाहत राहिले, मग माझी एक काकडी उचलून त्यांनी दोन्ही मुठींत धरली, कोपर किंचित वळवले आणि तिचे कडकन दोन तुकडे करून माझ्या हातात ठेवले. "बघा. ह्येला सुरी कशाला लागतिया?" आणि मी काही बोलण्यापूर्वीच, "पण मी म्हंतो, काकडीनं हुतंय काय? आमच्या वस्तादांनी आमास्नी कधी काकडी दिली न्हाई. हजार बैठका, पाचशे जोर आन् वर म्हशीचं दूध. बदामाची थंडाई. आठवड्यातनं दोनदा मटण. तुमी ही हिरवी पानं खायाला घालून पोरांची शेळ्या-मेंढरं करायला निघालायसा."

"सर, खासबागेत माती न लावता कुस्ती शिकवली असती तर?"

"काय संबंध?"

"विनाअग्नी स्वयंपाक आणि विनासुरी कोशिंबीर म्हणजे तसेच झाले."

ते मोठ्याने हसले. सुरी मात्र त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकेत गुंडाळली, वर माझे नाव लिहिले आणि आपल्या ट्रॅकसूटच्या खिशात घातली.

या माणसाचा मला राग आला, पण पुरता राग येऊ शकला नाही, कारण त्याने जे सांगितले तेच या शहराचे आहारशास्त्र आहे. गंगावेशीत रात्री म्हशीचे धारोष्ण दूध पिण्यासाठी जी गर्दी असते, तीत तालमीतून घाम गाळून आलेले फारसे कोणी नसतात. बहुतेक माझ्यासारखे, दिवसभर खुर्चीत बसून आकडे जुळवलेले असतात. पैलवानाचा खुराक आम्ही सर्वांनी उचलला आणि बैठका तेवढ्या त्याच्याकडेच ठेवल्या. पुन्हा गूळ आपला आहे, म्हणून तो साखरेसारखा बाधत नाही, असाही आमचा समज आहे, आणि त्याबाबत कारखान्यातला माणूस काही बोलू लागला की लोक त्याच्या हेतूविषयी शंका घेतात.

सर नियमाचे किती पक्के आहेत याचा आणखी एक पुरावा फाटकाबाहेरच होता. जादा चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० सालचे नियम सांगतात. सरांनी थाळीफेकीची फीत लावून ते अंतर स्वतः मोजले असून वड्याची गाडी तेव्हापासून ५१व्या मीटरवर उभी असते, अशी माहिती त्यांनी मला अभिमानाने दिली. मधल्या सुट्टीत मुले तो एक जादा मीटर धावत पार करतात.

प्रात्यक्षिक विज्ञानाच्या प्रयोगशाळेत झाले. मुली पुढच्या बाकांवर वही उघडून बसल्या होत्या आणि मुलगे मागे, दुसऱ्याच कोणाच्या तरी तासाला चुकून आल्यासारखे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांनी भरावा, हे मी फळ्यावर गोल काढून दाखवले. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, हेही सांगितले. मग काकड्या मोडल्या. कांद्यासाठी एका मुलीने आपली स्टीलची पट्टी दिली. पट्टीने कांदा चिरला तर डोळ्यांतून पाणी येते, पण कांद्याचे तुकडे होत नाहीत. माझी मुलगी तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत होती. तिने मला ओळख दाखवली नाही आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. शेवटी मटकीवर लिंबू पिळून "काही शंका?" असे विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून तासातला एकमेव प्रश्न आला.

"सर, कट कुठाय?"

कोल्हापुरात मटकी समोर ठेवून तिच्यावर लालभडक तर्रीचा कट न घालणे ही फसवणूक समजली जाते, हे मला आधी सुचायला हवे होते.

तेवढ्यात खिडकीशी शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, कच्ची मटकी देऊ नगासा, पोरांची पोटं दुखतील. वाफवून आणते की, द्या इकडं. आन् कांदा बी द्या, इळीवर चिरते."

दारात उभे असलेले क्रीडाशिक्षक म्हणाले, "वाफ म्हंजे अग्नीच झाला. विनाअग्नीत बसत न्हाई."

"मग मी रोज तिकडं काय सूर्यावर शिजवते व्हय?" मावशींनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता त्या निघून गेल्या.

त्यांचे स्वयंपाकघर प्रयोगशाळेपासून तीस पावलांवर आहे. तिथे शेगडी आहे, विळी आहे, आणि सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे जे शासनाने ठरवलेले आहे, ते प्रत्यक्षात आणणारी बाई आहे. शेकडो मुलांच्या आमटीचे मीठ ती हाताच्या अंदाजाने घालते आणि वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे, असा नियम आहे. त्या शिक्षकाला तिच्याकडून काही शिकून घ्यावे, असा मात्र नाही. मुलांना स्वयंपाक शिकवायचा म्हणून शाळेने लेखापालाला बोलावले आणि स्वयंपाकिणीला खिडकीबाहेर ठेवले. केंद्र सरकारने २००९ साली तिचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातल्या १० महिन्यांसाठी. राज्याने पुढे त्यात भर घातली असली, तरी ती रक्कम ऐकून आमच्या कारखान्यातला कोणी शिपाई जागेवरून उठणार नाही. शिवाय ही योजना आठवीपर्यंतच असल्याने नववीच्या वर्गाला खिडकीतून खिचडीचा फक्त वास येतो. आठवीपर्यंत भूक शासनमान्य असते आणि नववीत ती खासगी होते.

इतरत्र काय चालते हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. जपानमध्ये १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळेत मुलग्यांनाही गृहविज्ञान सक्तीचे आहे आणि इंग्लंडच्या अभ्यासक्रमात २०१४ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वयंपाक आला आहे. तिथली मुले सुरी धरतात, गॅस पेटवतात, बोट कापून घेतात आणि पट्टी बांधून पुन्हा चिरायला लागतात. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, त्या कोल्हापुरात चौदा वर्षांच्या मुलाला गॅस पेटवता येऊ नये म्हणून समिती नेमलेली आहे.

तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी नारळ आणि प्रशस्तिपत्रक दिले. प्रशस्तिपत्रकावर 'सौ.' हे छापीलच होते, कारण पाककलेला कोणी 'श्री.' येईल अशी छापखान्याला कल्पना नव्हती. त्यांनी ते पेनने खोडून पुढे माझे नाव लिहिले, पण 'सौ.' अजून स्वच्छ वाचता येते आणि पत्नीने ते फ्रिजवर लावले आहे.

सुरीसाठी मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा सर कबड्डीचा संघ घेऊन बाहेरगावी गेले होते. दुसऱ्यांदा लेखनिकांनी 'धारदार वस्तू परत मिळणेबाबत' असा अर्ज मालकीच्या पुराव्यासह करायला सांगितले. ११ वर्षांपूर्वीच्या सुरीची पावती लक्ष्मीपुरीत कोणी दिली असती, तर ती मी नक्कीच जपून ठेवली असती. अर्ज काल दिला. आज संध्याकाळी जेवताना मुलीने सांगितले, की मंगळवारी शिक्षकांच्या खोलीत कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला, तो तिने दारातून पाहिला, आणि सुरीची मूठ लाकडी होती.