‘तिशीच्या आत मेडिक्लेम म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या तालमींच्या, कॉलेजच्या, एमआयडीसीतल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिशीच्या आत कुणाला काय होत नाही, मेडिक्लेमचे वर्षाला दहा हजार एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या ठरावीक हप्त्यात) टाका, कंपनीचा विमा असतोच, नसला तर सरकारची फुले योजना आहे, हप्त्यावर वर १८ टक्के जीएसटी, आणि एवढं करून कंपन्या क्लेम देतच नाहीत. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे. म्हणून तर तो मेसेज पोरांना पटतोय, आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

आधी एसआयपी. वर्षाला १० हजार, ७ टक्के परतावा धरला तर दहा वर्षांनी साधारण १ लाख ४८ हजार होतात. हिशेब बरोबर आहे, फक्त तो दहाव्या वर्षाचा आहे. गोकुळ शिरगावहून रात्रीची शिफ्ट सुटून येताना हायवेवर गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं, तर ते दुसऱ्या वर्षीही मोडेल. तेव्हा गाठीला बावीस हजार असतील, आणि रॉड घालायचं बिल खाजगी दवाखान्यात लाखाच्या पुढं सहज जातं. नवीन पॉलिसीत आजारपणासाठी पहिले ३० दिवस थांबावं लागतं, अपघाताला मात्र ती अट नाही.

‘तिशीनंतर बघू’ हा सल्ला त्याहून वाईट. आधीपासून असलेल्या आजाराला विमा कंपनी ३६ महिन्यांपर्यंत पैसे नाकारू शकते. हर्निया, मुतखडा अशा ठरावीक दुखण्यांनाही बहुतेक पॉलिसीत दोनेक वर्षं थांबावं लागतं. ही मुदत विमा घेतल्या दिवसापासून मोजतात. पंचविशीत घेतला तर अठ्ठाविशीत सगळं मोकळं. पस्तिशीत शुगर निघाल्यावर गेलात तर हप्ता चढा, मुदत नव्यानं सुरू, किंवा सरळ नकार.

कंपनीच्या विम्याचं उत्तर पगारावर अवलंबून आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापून घरच्यांसकट उपचार मिळतात, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. फौंड्रीत काम करणाऱ्या पोरासाठी हे फार मोलाचं आहे, आणि ज्याला ते मिळतंय त्यानं एजंटाच्या नादानं घाईत पॉलिसी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पगारवाढ होऊन २१ हजार ओलांडले की चालू सहामाही संपताच ईएसआयची कपात थांबते आणि पुढं काही महिन्यांनी उपचारही. बढतीचे पेढे वाटताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. नोकरीतल्या कंपनीनं काढलेल्या ग्रुप विम्याचंही तसंच: नोकरी सुटली की तो सुटला. सोडण्याआधी एचआरला विचारा, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि थांबण्याची सरलेली मुदत धरली जाते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार नीट करून ठेवाच. पण ती यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या दवाखान्यांनाच लागू होते. रात्री दोन वाजता जवळचा दवाखाना यादीत असेलच असं नाही, आणि ते ५ लाख आई-बाबांसकट सगळ्या घराचे मिळून आहेत.

जीएसटीचा मुद्दा शिळा झाला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे.

राहिला क्लेम. कंपन्या पैसे कापतात, नाकारतात, हे खरंच आहे आणि लोकांचा राग रास्त आहे. पण कापाकापीची बीजं बऱ्याचदा पहिल्याच दिवशी पेरली जातात. एजंट मोबाईलवर फॉर्म भरतो, तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ टिचकवतो, ओटीपी मागतो, झालं. आपल्याकडं किती पोरांच्या खिशात तंबाखूच्या माव्याची पुडी असते, हे सांगायला नको. पुढं तोंडात गाठ आली की दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत मावा लिहिला जातो, आणि कंपनी तीच ओळ पुढं करते. खरं सांगितल्यानं हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला लपवाछपवीचं कारण देता येत नाही.

दुसरी मेख खोलीभाड्याची. पॉलिसीत दिवसाला ३ हजारांची मर्यादा आणि तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, तर नुसतं भाडं कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असा ८० हजारांचा खर्च असेल तर भाड्याच्याच प्रमाणात त्यातलेही ४० हजारच मिळतात. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. निरोगी पंचविशीला ५ लाखांचा विमा बऱ्याच कंपन्यांत सहा ते दहा हजारांच्या घरात बसतो.

तरीही अन्याय झाला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडं जा. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथं फुकट चालते, वकील लागत नाही. आणि ज्यांनी गेल्या पंधरवड्यात पॉलिसी घेतली असेल त्यांनी आजच फॉर्मची प्रत उघडून तंबाखूचा रकाना बघावा. चुकीचं भरलं असेल तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. पॉलिसीच पटली नाही, तर हातात आल्यापासून ३० दिवसांत किरकोळ वजावटीनं परत करता येते.