आधी आमदार मोजा, मग भांडा

नाशिकच्या वाचनकट्ट्यावर राजकीय रहस्यकथा निवडली की कुणीतरी बजावतंच : पुस्तकावर बोला, राजकारण नको. वर इंग्लंडातल्या वाचकगटांचा दाखला. इथे इंग्लंडात राहून सांगतो, शिस्त खरी आहे. पालिकेच्या ग्रंथालयातून गटाला एकाच पुस्तकाच्या दहा-बारा प्रतींचा संच मिळतो, त्यामुळे सगळे तेच वाचून येतात. पण चर्चा पात्रांच्या स्वभावावर रेंगाळते आणि सत्ता नेमकी कशी फिरली हे पाच मिनिटांत उरकतं. रहस्य तर तिथेच असतं.

अरुण साधूंची ‘सिंहासन’ ही कादंबरी घ्या, १९७७ची. मुख्यमंत्र्यांना पाडायचा डाव शिजतो. आजचा वाचक विचारतो, फुटणारे अपात्र कसे ठरत नाहीत? तेव्हा पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. तो कायदा, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, आली १९८५मध्ये, आणि तीतही एक तृतीयांश आमदार गेले तर ‘फूट’ म्हणून खपत असे. २००३च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. उरलं दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. साठ आमदारांचा पक्ष धरा : १९८५पूर्वी एकटादुकटाही निघून जाई, मग वीस लागू लागले, आता चाळीस. एकोणीस जमल्यावर विसाव्याचा भाव काय असेल? कथेचा काळ चुकला की हा ताणच हातातून निसटतो.

आणि ‘तिकडे असलं काही चालत नाही’ हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा आजही नाही. खासदार बाक बदलतो आणि जागा राखतो. चर्चिल १९०४मध्ये हुजूर पक्षातून लिबरलांकडे गेले आणि वीसेक वर्षांनी परतले. त्यामुळे मला नाशिकची भांडणंच जास्त कामाची वाटतात, फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. ‘हे पात्र म्हणजे अमुक साहेब’ याने सुरुवात झाली की पुस्तक मिटलंच.

दोन बैठका ठेवा. पहिली अर्ध्या पुस्तकावर. थांबायची जागा प्रकरणाने सांगा, पानाने नको, कारण आवृत्तीगणिक पानं बदलतात. पुढचं वाचलेल्याने त्या दिवशी गप्प बसायचं. फळ्यावर तीन रकाने आखा : कुणाला, काय, कधी कळलं. लेखकाने माहिती कुठे दडवली ते यातच सापडतं. खऱ्या पुढाऱ्यांची नावं शेवटच्या अर्ध्या तासात, तीही फळ्यावरच्या एखाद्या नोंदीला धरून. माणसं बारापेक्षा जास्त नकोत. वसंत व्याख्यानमालेच्या गावात त्याहून मोठा घोळका जमला की प्रश्नाचं भाषण व्हायला वेळ लागत नाही.

घोटाळा होतो तो चित्रपट पाहून आलेल्यांमुळे. १९७९चा ‘सिंहासन’ साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतला आहे, ‘मुंबई दिनांक’ही त्यात आहे, एकीतला प्रसंग दुसरीत शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते. पण जुन्या कादंबरीच्या बारा प्रती एकदम मिळणार कुठून, म्हणून लोक चित्रपटावरच भागवतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने वेगवेगळ्या पुस्तकांच्या पेट्या नाशिकहून परदेशापर्यंत पोचवल्या. तशीच एक पेटी एकाच कादंबरीच्या बारा प्रतींची भरावी, आणि दोन महिन्यांनी ती पुढच्या कट्ट्याकडे जावी.