वक्र काढणं सोपं, किंमत काढणं अवघड

ॲनिमेशनचा कर्व्ह एडिटर, म्हणजे हालचाल वक्रांनी आखायचं साधन, बनवण्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘दोन कीफ्रेममध्ये बेझिये वक्र टाकला की कर्व्ह एडिटर झाला’ हे वाक्य फारच घाईचं वाटलं. (कीफ्रेम म्हणजे किंमत नेमून दिलेली फ्रेम; बेझिये म्हणजे हँडल ओढून आकार द्यायची गुळगुळीत रेषा.) स्क्रीनवर रेषा दिसण्यापुरतं ठीक. पण ॲनिमेशनला हवी असते अमुक फ्रेमवरची किंमत, म्हणजे त्या क्षणी पात्राची जागा किंवा कोन किती हा आकडा, आणि बेझियेमध्ये वेळ व किंमत दोन्ही ‘टी’ या तिसऱ्याच चलावर चालतात. म्हणजे आधी वेळेचं घन समीकरण सोडवून टी शोधायचा, मगच किंमत. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर हेच करतं. टी म्हणजेच वेळ असं धरून कोड लिहिला, तर हँडल वेळेच्या अक्षावर दोन कीफ्रेममधल्या अंतराच्या बरोबर एक तृतीयांशावर असेपर्यंत सगळं छान; लांबवलं की रेषा एक सांगते आणि पात्र भलतंच करतं!

दोन्ही हँडल एकमेकांना ओलांडून फार लांब ओढली, तर वक्र मागे वळतो आणि एकाच फ्रेमला तीन किमती निघतात. ब्लेंडर तेव्हा हिशेबापुरती हँडल आखडतं. वेबपानं सजवायच्या सीएसएस भाषेत तर आडवा, म्हणजे वेळेचा, अक्ष ० ते १ मध्येच बांधलाय. उभ्या, म्हणजे किमतीच्या, अक्षावर मात्र असं बंधन कृपया घालू नका, ओव्हरशूट (ठरल्या किमतीच्या पुढे जाऊन परत येणं) ॲनिमेटरला मुद्दामच हवा असतो. नको तिथे तो आपोआप रोखणारी ऑटो क्लॅम्प्ड हँडल ब्लेंडरमध्ये आहेतच.

पुढच्या भागात ऑयलर रोटेशनच्या (तीन अक्षांभोवतीच्या कोनांनी मांडलेल्या फिरण्याच्या) वक्रांवर लिहाल का?