फी माफ, पण कॉटचं काय?

आमच्या जुन्या बोर्डिंगातल्या पोरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पोरं म्हणायचं इतकंच, सगळे पन्नाशीला टेकलेत. जून लागला की तिथं ऊस, पाऊस आणि अॅडमिशन, तीनच विषय. यंदा वाजलं ते मुलींच्या फीमाफीवरून. एकानं लिहिलं, "फुकट दिलं की किंमत राहत नाही." दुसऱ्यानं माझं नाव पुढं केलं: "त्याला विचारा की. जर्मनीत सगळं फुकटच हाय. बुडाला का तो देश?"

मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. राजाराम कॉलेजला बीएस्सी, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी, मग शिरोलीच्या एका फौंड्रीत नोकरी आणि तिथून इकडं. काम तेच, कास्टिंगमधले दोष शोधायचे. त्यामुळं कोणतंही चकचकीत काही दिसलं की आत पोकळी कुठं आहे ते बघायची खोड लागली आहे.

तर जर्मनीतलं 'फुकट' आधी बघू. ते खरं आहे, पण नेहमी नव्हतं आणि सगळ्यांना नाही. 2005 साली इथल्या घटनात्मक न्यायालयानं राज्यांना फी लावायची वाट मोकळी केली. सात राज्यांनी सेमिस्टरला 500 युरोपर्यंत फी लावूनही पाहिली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो मुद्दा झाला, आणि 2014 पर्यंत शेवटच्या राज्यानंही ती मागं घेतली. पुढं आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं 2017 पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना सेमिस्टरला 1500 युरो लावले. म्हणजे ग्रुपवरच्या कुणाचा मुलगा उद्या इथल्या विद्यापीठात आला, तर त्याला फुकट नाही. वर व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याजेवण्याचे 11,904 युरो आधी खात्यात अडकवून ठेवायचे. रुपयांत अकरा-बारा लाखांच्या घरात जातात.

मला या आकड्याचं मोल फीपेक्षा जास्त वाटतं. त्याला बारानं भागा, 992 येतात. फी शून्य असली तरी पोराला जगायला महिन्याला एवढे लागतात, असा जर्मन सरकारचाच हिशेब. इथल्या गरीब घरातल्या विद्यार्थ्याला 'बाफ्योग' नावाची मदत मिळते. तिची कमाल रक्कमही 2024 पासून 992 युरोच आहे. त्यातले निम्मे कायमचे, निम्मे बिनव्याजी कर्ज, आणि परतफेड कितीही झाली तरी 10,010 युरोंच्या वर नाही. आता पोकळी. ही मदत साधारण आठांत एका विद्यार्थ्याला मिळते, आणि तिच्यात खोलीभाड्यासाठी धरलेत 380 युरो. म्युनिकमध्ये तेवढ्यात अर्धी खोली मिळते. बाकीची पोरं हॉटेलात ताटल्या उचलतात, नाहीतर आईबापांच्या जिवावर शिकतात. तरीही जगायचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च, हे इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आपल्याकडच्या वादात तो आकडाच नसतो.

माझ्या ताईचं घर गारगोटीच्या पुढं. दीड एकर ऊस, तीन म्हशी, दर दहा दिवसांनी येणारं दूधबिल. भाचीनं सीईटी दिली, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून, कोल्हापुरात इंजिनिअरिंगला नंबर लागला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी निम्म्याऐवजी पूर्ण माफ झाली आहे. दाजींनी पेढे वाटले. मग कॉलेजात गेले. तिथं कळलं की माफ झालेल्या दोन फियांशिवाय पावतीवर आणखी ओळी असतात. विकास शुल्क, अनामत, हे आणि ते. शिवाय खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तूर्त भरून ठेवा, शासनाकडून आलं की परत मिळेल." दाजींनी मला फोन केला. "परत म्हणजे कवा, ते तेवढं विचार की तुझ्या जर्मनीला!"

तेही एक वेळ निभावलं. खरा हिशेब त्यानंतरचा. राजारामपुरीत कॉट बेसिसवर एक खोली, चौघी जणी, एक बाथरूम. एका कॉटचे महिना 2,800 आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. मेस 3,000, रविवारी रात्री बंद. दहा महिने धरले तरी अठ्ठावन्न हजार, आणि लॅपटॉप अजून यायचाच आहे. ज्या घरात म्हैस आटली की किराणा उधारीवर येतो, तिथं हा आकडा फीइतकाच मोठा असतो. फरक इतकाच, की त्याच्यासाठी मंत्र्याला पत्रकार परिषद घ्यावी लागत नाही. राहण्याजेवण्यासाठी निर्वाह भत्ते आहेत, पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, 'स्वाधार' आहे. पण ज्याच्या त्याच्या अटी वेगळ्या, आणि डिपॉझिट जुलैत द्यायचं असतं, भत्ता खात्यावर पडेल तेव्हा पडेल.

कोल्हापुरात हे सांगावं लागावं, याची गंमत वाटते. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांच्या कामातल्या तारखा ओळीनं मांडून बघा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901. नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम 1902. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण 1917. म्हणजे खेड्यातल्या पोराची पथारी कुठं पडणार आणि भाकरी कुठून येणार, हे आधी. शाळेची फीमाफी त्यानंतर सोळा वर्षांनी. संस्थानाचा खजिना काही इंग्रजांच्या तिजोरीएवढा नव्हता. तरी जागा दिल्या, अनुदानं दिली, एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. पुढं शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांच्या काळात 'कमवा आणि शिका' आलं, त्याची मुळंही याच मातीतली.

मी दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात पाच वर्षं काढली. घरून तांदळाचं पोतं नेऊन द्यायचं आणि वाढपाची पाळी करायची. आमटीत डाळ शोधायला चष्मा लागायचा, पण संध्याकाळी घंटा वाजली की ताट समोर यायचं. माझी वर्षाची फी काही शेकड्यांत होती. ग्रुपवर 'फुकटाची किंमत नसते' म्हणणाऱ्याचीही तेवढीच होती. आमच्या शिक्षणाचा खरा खर्च आमच्या बापानं कधी दिलाच नाही, तो सरकारनं आणि त्या बोर्डिंगानं दिला. मी तर ते शिक्षण घेऊन परदेशी आलो आणि आता कर इथं भरतो. माझ्या पगारातून कापलेल्या पैशावर कुठल्या तरी जर्मन पोराची फी माफ होते. तेव्हा या वादात माझं तोंड जरा बेतानंच उघडतं.

पण बोर्डिंगांचे नुसते गोडवे गायलो तर तेही खोटं होईल. ती जातवार होती. त्या काळी त्याला कारण होतं, हे मान्य. मात्र मी माझ्या जातीच्या पंगतीत जेवलो आणि शेजारच्या बोर्डिंगात पाच वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नाही, हेही आहेच.

ग्रुपवरचा आणखी एक आवडता मुद्दा म्हणजे "तिकडं सीईटी नाही." सीईटी नाही, पण त्याच्या कितीतरी आधी चाळण लागते. आमच्या राज्यात चौथीतल्या लेकरांची चाचणी होते, आणि 2025-26 पासून पालकांची मर्जी, शिक्षकांचं मत व ही चाचणी या तिन्हींपैकी दोन तरी जुळली नाहीत तर विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेचं दार अवघड होतं. माझा धाकटा यातून गेला. नऊ-दहा वर्षांचं पोर, अजून बुटाची नाडी नीट बांधत नाही. 2018 च्या एका जर्मन अभ्यासात दिसलं होतं की पदवीधर आईबापांच्या शंभर मुलांतली 79 उच्च शिक्षणाला जातात, पदवी नसलेल्यांच्या शंभरांतली 27. फी शून्य असलेल्या देशातला हा हिशेब आहे. त्यापेक्षा बारावीपर्यंत ज्याला त्याला धावू देणारी आपली पद्धत मला बरी वाटते. तिच्या कटकटी काही कमी नाहीत. 2024 ला बीबीए-बीसीएला अचानक सीईटी आली, आणि कितीतरी कॉलेजांनी कोर्सची नावं बदलून ती चुकवली. पण दहाव्या वर्षी कपाळावर शिक्का मारण्यापेक्षा हा गोंधळ परवडला.

तर ग्रुपवर मी लिहिलं ते असं. मुलींची माफी राहू द्या, मुलांनाही द्या. पण सरकारच्या हातात पुढचा रुपया येईल तो फीवर नको, कॉटवर टाका. गारगोटी, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या पोरींना कोल्हापुरात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण द्या. जातवार नको, सगळ्यांना एकत्र. त्यावर चार अंगठे आले, एकानं "भाषण झालं" असं लिहिलं, आणि विषय आलमट्टी धरणाच्या पाण्यावर गेला.

मी भाचीला म्हटलं, कॉटचे पैसे मी पाठवतो. दाजींना ते पटलं नाही. मेव्हण्याच्या पैशावर पोरगी कशी शिकवायची? मग मी बोर्डिंगात फोन लावला. व्यवस्थापक ओळखीचे निघाले, चांगलं बोलले, माझ्या काळातल्या आचाऱ्याची आठवणही काढली. मुलींची सोय नाही म्हणाले.

"मामा, मी जातो की एसटीनं," भाची म्हणाली. "पास काढलाय. पाचला उठलं की पहिली गाडी घावतीया. परतीला तेवढी जागा मिळत नाही."