पापं धुवायला चार लाख? : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत पण वय ७१ लिहिलंत म्हणून काका म्हणतो, राग मानू नका. माझ्या हजच्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंत ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: चार लाख भरायचे, तिकडे जाऊन रडायचं, पापं धुवून यायची, नावापुढे हाजी लावायचं आणि परत आल्यावर पुन्हा तेच धंदे, तेही आमच्या टॅक्सच्या पैशावर, त्यापेक्षा दोन गरीब पोरांची फी भरली असती तर पुण्य तरी लागलं असतं. बरोबर ना? काही जणांनी खाली तुम्हाला वाट्टेल ते लिहिलं होतं, ते मी काढून टाकलं. तुमची कमेंट मात्र ठेवलीय, कारण त्यातलं एक वाक्य मला लागलंय आणि तीन दिवस डोक्यातनं जात नाहीये.

टॅक्सचं आधी उरकतो. सबसिडी होती, खोटं नाही, विमानाच्या भाड्यात मिळायची. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सांगितलं की दहा वर्षांत हळूहळू बंद करा आणि सरकारने २०१८ लाच बंद करून टाकली. मी गेलो २०२४ ला. विमान, राहणं, मक्केजवळच्या मिनामधला तंबू, सगळं माझ्या खिशातनं, हज कमिटीकडे हप्त्याने भरलेलं.

आता पापं धुवायचं. तुम्ही हे हवेतनं नाही म्हणालात. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहेच तशी, की जो नीट हज करेल, घाण बोलणार नाही, वाईट वागणार नाही, तो आईच्या पोटातनं आज जन्मल्यासारखा परत येतो. लहानपणापासून ऐकलेली. पण तिच्यासोबतच जे शिकवतात ते बाहेर फार कोणाला माहीत नसतं आणि आमच्यातलेही बरेच जण सोयीने विसरतात. हक दोन प्रकारचे, अल्लाहचे आणि बंद्यांचे, म्हणजे माणसांचे. नमाज सुटली, रोजा सुटला, ते तुमच्यात आणि अल्लाहमध्ये, त्याची तौबा करा. पण कोणाचा पैसा खाल्ला असेल, कोणाचं मन दुखवलं असेल तर ते ज्याचं आहे त्यानेच माफ करायचं, नुसत्या हजने ते सुटत नाही. म्हणून जायच्या आधी कर्ज फेडायचं, अमानत, म्हणजे कोणी सांभाळायला दिलेलं, परत करायचं आणि घरोघरी जाऊन कहासुना माफ करा म्हणायचं.

माझे आजोबा म्हसळ्याकडचे, खलाशी होते, मुघल लाइनच्या बोटीवर. तेव्हा मुंबईहून हाजी लोक बोटीने जायचे, ते १९९५ पर्यंत चालू होतं. आजोबांनी किती फेऱ्यांमध्ये किती हाजी जिद्दाला उतरवले असतील देव जाणे. जिद्दाहून मक्का ७०-८० किलोमीटर, पण ते कधी गेले नाहीत. घर बांधताना घेतलेलं सावकाराचं कर्ज अंगावर होतं आणि ते फिटेपर्यंत मी तिकडे तोंड दाखवणार नाही असं म्हणायचे. कर्ज फिटलं तेव्हा गुडघे गेले होते. हे मी लहानपणी शंभर वेळा ऐकलंय, पण त्याचा अर्थ नंबर लागल्यावर कळला.

माझा धंदा वायरिंगचा. कुर्ल्यात राहतो, पंचवीस-सव्वीस वर्षं हेच काम. कुर्ऱ्यात, म्हणजे हजच्या सोडतीत, नाव आलं, घरात पेढे आले, पहिला हप्ता भरला. मग हज हाऊसला ट्रेनिंग असतं, सीएसएमटीच्या बाजूला, इहराम, म्हणजे हजचं बिनशिवलेलं कापड, कसा बांधायचा, तवाफचे काब्याभोवतीचे सात फेरे कसे मोजायचे वगैरे. तिथे शिकवणारे मौलाना मध्येच थांबले आणि म्हणाले, कोणाचं देणं आहे त्याची यादी आज रात्री करा. मी मुलाची अर्धी कोरी वही घेतली. हातउसने पैसे, मेहुण्याशी झालेलं भांडण, हे भराभर लिहून झालं. मग पेन थांबलं, कारण पुढचं धंद्यातलं होतं.

२००६ ला लालबागच्या एका चाळीत मी एका खोलीचं पूर्ण वायरिंग केलं होतं. गीझरच्या पॉईंटला बिलात अडीच एमएम वायर लिहिली, पैसे तेवढेच घेतले आणि ओढली बारीक, दीड एमएम. तेव्हा माझी परिस्थिती वाईट होती, पण ते कारण नाही झालं. हजार-बाराशे रुपये वाचले असतील. अशी वहीत तीन घरं निघाली, काका.

लालबागला गेलो. दुसऱ्या मजल्यावर तीच खोली, त्याच मावशी, केस पूर्ण पांढरे. मला ओळखलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, हजला चाललोय, तुमचे पैसे आणलेत, मला माफ करा. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाल्या, म्हणजे अठरा वर्षं आम्ही त्या वायरवर गीझर लावतोय? मी हो म्हटलं. म्हणाल्या, माफीचं मग बघू, आधी वायर बदल.

शनिवार-रविवार लागले. केसिंग पट्टी उघडली, गीझरच्या पॉईंटजवळ वायरचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेलं, नखाने दाबलं तर तुकडा पडला आणि आतलं तांबं काळं. मी तो तुकडा हातात धरून किती वेळ बसलो मला माहीत नाही. खोलीत एक लहान नातू होता, तो बाजूला बसून माझ्या पेटीतले स्क्रू रांगेत लावत होता. सगळं बदलून झाल्यावर मावशींनी गीझर चालू केला, खुर्ची ओढली आणि अर्धा तास बोर्डाला हात लावून बघत बसल्या गरम होतोय का. मग गीझर बंद केला आणि म्हणाल्या, जा आता, माझं काही नाही तुझ्याकडे.

हे मी आधीच्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. लाज वाटली, आणि धंद्याची भीतीही, गिऱ्हाईक वाचेल म्हणून. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा रडलो ते लिहिलं, रात्री दोनचा तवाफ लिहिला, मुजदलिफाच्या मैदानात मोबाईलच्या उजेडात सैतानाला मारायचे हरभऱ्याएवढे खडे वेचले ते लिहिलं, ऊन लिहिलं (त्या वर्षी मक्केत पारा ५१ च्या वर गेला होता आणि सौदी सरकारच्याच आकड्याप्रमाणे १,३०१ माणसं दगावली). यादीचं लिहिलंच नाही. त्यामुळे तुम्हाला चार लाख आणि रडणं एवढंच दिसलं, त्यात तुमची चूक नाही, माझ्या लिहिण्याची आहे.

पण रडण्याचंही सांगतो. सगळ्यात जास्त रडलो ते काब्यासमोर नाही, मक्केजवळच्या अरफातच्या मैदानात. हज म्हणजे खरा तोच दिवस, दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत तिथे थांबायचं आणि मागायचं, तो चुकला तर हज झालाच नाही. त्याच अरफातमध्ये इ.स. ६३२ ला पैगंबरांनी शेवटच्या हजचा खुतबा, म्हणजे प्रवचन, दिला. त्यात सांगितलं की एकमेकांचा जीव, मालमत्ता आणि इज्जत तुमच्यासाठी तितकीच पवित्र आहे जितका हा दिवस, आणि व्याज रद्द केलं, आणि पहिलं रद्द केलं ते स्वतःच्या काकांचं, हजरत अब्बासांचं येणं असलेलं व्याज. सुरुवात घरापासून. बाजूचे लोक लब्बैक (हजर आहे) म्हणत होते आणि माझ्या डोळ्यासमोर ती काळी पडलेली वायर. आगच लागली असती तर मी कुठल्या मैदानात उभा राहून कोणाकडे माफी मागणार होतो?

फीचं म्हणालात. खरं सांगतो, हजला मी दान म्हणतच नाही, हज मी माझ्यासाठी केला. ज्याच्याकडे घरखर्च आणि देणं भागवून ऐपत उरते त्याच्यावरच तो फर्ज आहे, आयुष्यात एकदा, माझ्या आजोबांवर झालाच नाही. गरिबाचा वाटा वेगळा, दरवर्षी शिलकीवर अडीच टक्के जकात, ती हजला जा नाहीतर नका जाऊ, द्यावीच लागते. तरी त्या चार लाखांत काय काय झालं असतं हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही, पहिल्या हप्त्याच्या वेळी बायकोशी बोलताना आला होता.

आणि जे वाक्य लागलं ते हे, परत येऊन पुन्हा तेच धंदे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुम्ही माझ्या कामावर येऊन वायर बघितलीत तरच कळेल. आता बिलात वायरची साईज लिहितो आणि उरलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून येतो, साईज त्यावर छापलेली असते. एवढंच करता येतं.

तीन घरांपैकी दुसरं भायखळ्याचं होतं, तिथे घरच्यांनी पैसे घेतले आणि काही न बोलता दार लावलं, ते माफ झालं की नाही मला अजून माहीत नाही.

तिसरं राहिलंय. २००७, माझगावची एक चाळ, आता पाडून तिथे टॉवर झालाय. तिसरा मजला, जिन्याला लागून दुसरी खोली, घरात एक आजोबा होते, पायाला प्लास्टर, आणि दहावीला बसलेली मुलगी. त्यांच्याकडून अर्थिंगचे १,८०० रुपये घेतले आणि अर्थिंग दिलंच नाही. टॉवरच्या ऑफिसात विचारलं, जुन्या भाडेकरूंच्या यादीत शोधलं, पत्ता लागला नाही. मौलाना म्हणाले, त्यांच्या नावाने रक्कम सदका, म्हणजे दान, करून टाक, पण ते कधी भेटले आणि पैसे मागितले तर पुन्हा द्यायचे. सदका दिलाय. ती मुलगी आता तिशीच्या पुढची असेल. तुमच्यापैकी कोणी माझगावचे असाल आणि खोली ओळखीची वाटत असेल तर खाली लिहा, मी येतो. अर्थिंगसुद्धा करून देतो, घर कुठेही असो.