मैल मोजा, माग काढू नका

नमस्कार,

अमेरिकेत पेट्रोलवरच्या कराऐवजी गाडी जितके मैल चालेल तितका कर घ्यावा, या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलंच चिडून लिहिलंत. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण विषय प्रत्येकाच्या खिशाचा आणि खाजगी आयुष्याचा आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही सरकारने गाडीत आणून बसवलेली पाळत आहे, शहराबाहेर राहून रोज लांबवर कामाला जाणारा माणूस यात भरडला जाईल, आणि रस्त्यांना पैसे कमी पडत असतील तर सरळ पेट्रोलवरचा कर वाढवावा. शेवटी जाता जाता तुम्ही मालट्रकबद्दल एक वाक्य टाकलंत. माझ्या लेखातली खरी चूक त्या वाक्याने पकडली. त्याकडे येतोच.

आधी कर वाढवण्याबद्दल. अमेरिकेत केंद्राचा पेट्रोलवरचा कर गॅलनला 18.4 सेंट आहे आणि तो 1993 पासून तिथेच आहे. तेव्हाच्या डॉलरची किंमत आज निम्मीही राहिलेली नाही, म्हणजे न बोलता कर निम्म्याहून खाली आलाय. 1956 साली महामार्ग निधी काढला तेव्हा तत्त्व साधं होतं: जो रस्ता वापरतो तो पैसे देतो. 2008 पासून मात्र हा निधी सर्वसाधारण तिजोरीतून पुन्हा पुन्हा भरावा लागतोय. ज्याच्या दारात गाडी नाही तोही आज महामार्गाचे पैसे भरतो आहे. उद्या हा कर वाढवला तर माझा विरोध नसेल, काही वर्षं निभेलही. पण पैसे गॅलनवर येतात आणि रस्ता वापरला जातो मैलांनी, आणि या दोघांचं नातं वर्षागणिक सैल होत चाललंय. हायब्रिडवाला बऱ्याच कमी पेट्रोलमध्ये तेवढाच रस्ता वापरतो, इलेक्ट्रिक गाडीवाला पंपावर फिरकतही नाही. मग वाढलेला कर कोणाच्या माथी बसतो? ज्याला नवी गाडी परवडत नाही त्याच्या.

आणि इथेच तुम्ही दिलेलं उदाहरण मला फार मोलाचं वाटलं: जुन्या पिकअपने रोज जाऊन-येऊन साठ मैल करणारा कामगार. मी त्याचा हिशेब ओरेगन राज्याच्या दरांनी मांडला, कारण तिथे पेट्रोलवरचा आणि मैलावरचा असे दोन्ही कर आहेत. वर्षाला कामाचे अडीचशे दिवस धरले तर 15,000 मैल झाले. पिकअप गॅलनला 15 मैल देत असेल तर वर्षाला 1,000 गॅलन. राज्याचा कर 2024 मध्ये गॅलनला 40 सेंट झाला, म्हणजे हा माणूस नुसत्या राज्य कराचे 400 डॉलर भरतो. त्याच रस्त्याने तेवढेच मैल कोणी गॅलनला 50 मैल देणाऱ्या हायब्रिडने गेला तर तो भरतो 120. इलेक्ट्रिकवाला या करातलं काहीच भरत नाही. आता ओरेगनचाच मैलामागे 2 सेंटचा दर लावा. तिघेही 300 डॉलर भरतील, आणि तुमच्या कामगाराचे शंभर डॉलर वाचतील.

हिशेब सगळ्यांच्याच बाजूने लागतो असं मात्र नाही. या दरांना गॅलनला 20 मैल ही सीमारेषा आहे. तुमच्या कामगाराने उद्या काटकसर करून 25 मैलांची जुनी छोटी गाडी घेतली तर पेट्रोलवर त्याचे 240 लागले असते आणि मैलावर 300 लागतील. अशा माणसाला साठ डॉलरचा फटका बसतो आणि ते मी नाकारत नाही.

त्याहून मोठी अडचण आहे ती पैसे द्यायच्या वेळेची. पंपावर कर कळतही नाही. टाकी भरताना थोडेथोडे डॉलर जातात आणि विसरले जातात. तेच 300 डॉलर वर्षातून एकदा, गाडीच्या तपासणीच्या दिवशी एकरकमी मागितले तर महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला ते जड जाणार. काहीजण भरणारच नाहीत, मग दंड, मग नोंदणी अडकली, आणि नोंदणी अडकली की कामावर जाणं अडकलं. म्हणून दरमहा हप्ता, आणि तोही बिनव्याजी, ही माझ्या लेखी या योजनेतली पहिली अट असायला हवी. मागच्या लेखात हे लिहायचं राहून गेलं.

आता पाळतीबद्दल. पेट्रोलवर कर लावणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ओरेगन: 1919, गॅलनला एक सेंट. मैलावर कर घेण्याची योजनाही तिथेच 2015 च्या जुलैत सुरू झाली, ऐच्छिक स्वरूपात. स्टिअरिंगच्या खाली मेकॅनिक ज्या सॉकेटला आपलं यंत्र लावून गाडीतला बिघाड वाचतो, तिथेच एक छोटं उपकरण खोचता येतं. ते जीपीएससह घ्यायचं की जीपीएसशिवाय, हे गाडीवाल्याने ठरवायचं. जागेची नोंद असेल तर पैशांचा व्यवहार पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत ती नष्ट करायची असं कायदा सांगतो. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्या भरवशावरच मी पाळतीचा मुद्दा दोन ओळींत उरकला होता. तुम्ही विचारलंत, "आज तीस दिवस म्हणणारा कायदा उद्या तीन वर्षं म्हणाला तर?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. गोळा झालेली माहिती कायद्याच्या एका दुरुस्तीने दुसऱ्याच कामाला जुंपता येते. म्हणून ती मुळात गोळाच होऊ नये, या मताला मी आता आलोय.

गोळा न करताही हे जमतं. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांकडून 1978 पासून असाच कर घेतात. मालक हजार-हजार किलोमीटरचे टप्पे आगाऊ विकत घेतो. त्याला एक छोटा कागद मिळतो, तो पुढच्या काचेवर लावायचा. त्यावर आकडा असतो: अमुक किलोमीटरपर्यंत पैसे भरलेले आहेत. खाली डॅशबोर्डवर ओडोमीटरचा आकडा, म्हणजे गाडी आजवर एकूण किती चालली तो. पोलिसाने गाडी थांबवली तर त्याने हे दोन आकडे ताडून बघायचे. गाडी कालच्या रात्री कुठे होती, दवाखान्यात की देवळात, हे त्या कागदाला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. 1 एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्याही यात आल्या, हजार किलोमीटरला तिथले 76 डॉलर, म्हणजे हलक्या डिझेल गाडीइतकाच दर. हवाई राज्यात तर दरवर्षी गाडीची तपासणी होतेच आणि तेव्हा ओडोमीटरचं रीडिंग घेतलं जातं. त्याच आकड्यावर इलेक्ट्रिक गाड्यांचा कर बसवण्याचा मार्ग त्यांनी धरलाय.

यात तोटाही आहे. ओडोमीटरला राज्याची हद्द कळत नाही, आणि कोणी स्वतःच्या शेतात गाडी फिरवली तर तेही कळत नाही. ओरेगनात जीपीएस नाकारलं तर परराज्यात केलेल्या मैलांचेही पैसे लागतात. नदी ओलांडून रोज वॉशिंग्टन राज्यात कामाला जाणाऱ्याला हे परवडणार नाही. त्याने हवं तर स्वतःहून जीपीएस घ्यावं. पण मूळ नियम ओडोमीटरचा हवा, आणि ज्याला सवलत हवी त्याने जागा सांगावी. आकडा मागे फिरवणारे निघतील हेही खरं. पण तो अमेरिकेत आजही गुन्हाच आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याच्यावर नजर ठेवायची सवय यंत्रणेला आहे.

राहिले ट्रक. तुम्ही लिहिलंत, "रस्ता उखडतो ट्रक आणि मैल मोजायचे आमच्या गाडीचे!" 1958 ते 1960 मध्ये इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्त्यांची लांबट रिंगणं बांधून त्यांवर दोन वर्षं भरलेले ट्रक फिरवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा रस्ते बांधणारे आजही वापरतात: रस्त्याची झीज साधारणपणे आसावरच्या, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या, वजनाच्या चौथ्या घातात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला की झीज सोळापट. त्या हिशेबात साध्या गाडीची झीज जवळजवळ दिसतच नाही, मग तिच्या बॅटरीचं वजन कितीही असो. मी मात्र लिहून बसलो होतो की सगळ्यांना मैलाला एकच दर हाच न्याय. ते चूक होतं आणि मी ते वाक्य तिथून काढतोय. हलक्या गाड्यांना एकमेकींत एकच दर चालेल, कारण त्या रस्ता झिजवण्यापेक्षा जागा जास्त व्यापतात. ट्रकला वजन आणि आस मोजूनच दर लागला पाहिजे. ओरेगन 26,000 पौंडांवरच्या ट्रककडून वजन गुणिले मैल असाच कर घेतं, न्यूझीलंडही तेच करतं.

एक आक्षेप तुम्ही घेतला नाहीत, पण मला तोच सर्वात अवघड वाटतो. पेट्रोलवरचा कर थोड्या घाऊक व्यापाऱ्यांकडून गोळा होतो, वसुलीला खर्च जवळजवळ नाही. मैलाचा कर लाखो मालकांकडून एकेक करून घ्यायचा आहे. त्यासाठी खाती, बिलं, तक्रारी, थकबाकी, सगळं आलं. म्हणून सुरुवात इलेक्ट्रिक गाड्यांपासून व्हावी असं मला वाटतं. त्या आज संख्येने कमी आहेत आणि पंपावर काही भरत नाहीत. टेक्सासने त्यांच्यावर वर्षाला सरसकट 200 डॉलर बसवलेत. तो मार्ग वसुलीला सोपा आहे, पण वर्षात तीन हजार मैल जाणाऱ्या आजीबाई आणि तीस हजार मैल जाणारा विक्रेता तिथे सारखेच धरले जातात. मला ते पटत नाही.

तुमच्या त्या कामगाराच्या पिकअपचं खरं मायलेज आणि वर्षाचे मैल मिळाले तर मला कळवा. मी 15 धरलंय ते अंदाजाने. हिशेब उलटा आला तर तोही इथेच, या उत्तराखाली टाकेन.